फणसाचा चौरंग

ऐका बायांनो, ऐका लेकरांनो. फार फार वर्षांमागे समुद्राकाठच्या एका गावात एक सुतार राहत होता. हातात कसब होतं, पण कुणी वाहवा केली की तो विरघळून जायचा.

त्याच गावात एक आजी होती. दुष्काळात तिच्या परसातल्या फणसानं तिची पोरं जगवली होती. पुढे वादळात तो फणस पडला. आजीनं महादेवाला नवस बोलला, "वर्षभर सोमवार करीन, आणि उद्यापनाला तुला याच झाडाच्या चौरंगावर बसवीन."

तिनं खोड सुताराकडे धाडलं. म्हणाली, "नक्षी नको, रंग नको. नुसता तेलाचा हात दे. फणस जात्याच पिवळा, जुना होईल तसा आपणच तांबूस होतो. तसाच हवा मला."

सुतारानं खोड चिरलं. आत सोन्यासारखं लाकूड! नेमका तेव्हाच गावचा खोत तिथं आला.

"वा रे वा! याची फळी माझ्या झोपाळ्याला लाव. चार गावांत तुझं नाव सांगेन."

झालं! सगळं लाकूड झोपाळ्याला गेलं. आजीसाठी सुतारानं सावरीचं फिकट, हलकं लाकूड घेतलं. त्याला हळदीचं पाणी पाजलं, वरून तेल चोळलं. चौरंग फणसाहूनही पिवळाधमक दिसू लागला. 'म्हातारीला काय कळतंय,' तो मनाशी म्हणाला.

उद्यापनाला सारा गाव लोटला. आजीनं चौरंगावर पिंडी मांडली. नैवेद्य झाला. विडे लावताना शेजारणीचा धक्का लागून चुनाळं कलंडलं आणि ओला चुना चौरंगावर सांडला. तिनं घाईघाईनं तो पुसला, तर काय! लाकूड लालभडक झालेलं.

"अगं बाई, कुंकू उमटलं! महादेव पावला गं आजी!"

बाया पटापट वाकल्या. लोकांनी सुताराला पुढे ओढलं, त्याच्या हातात नारळ दिला. "हात आहेत की काय हे! देव उतरला की रे तुझ्या हातून!"

जन्मभर हवी होती तेवढी वाहवा आज मिळत होती, आणि सुताराला मात्र धरणीनं पोटात घ्यावं असं झालं होतं. इतक्यात एका आईनं आपलं तापानं फणफणलेलं पोर आणून त्याचं कपाळ त्या लाल डागावर टेकवलं.

सुताराच्या हातून नारळ गळून पडला.

"उचल गं बाई पोराला! देव नाही तो, माझी लबाडी आहे. हा फणस नव्हे. सावरीला मी हळद फासली."

आजी हळूच म्हणाली, "मी कुंकू घरी करते रे. हळदीला चुना लागला की काय होतं, मला ठाऊक आहे. बायकांना थांबवणारच होते, पण तुझे ओठ हलताना दिसले. म्हटलं, याला बोलू द्यावं."

"आजी, शिव्या द्या मला."

"शिव्या देऊन नवस फिटतो का, बाबा?"

तिनं चौरंगावरची पिंडी उचलली आणि नातवंडासारखी मांडीवर घेऊन बसली. ते बघून सुताराची मान जी खाली गेली, ती वर येईना.

दुसऱ्या दिवशी तो खोताकडे गेला. त्यानं सगळं सांगून टाकलं. खोतही ओशाळला. म्हणाला, "ने बाबा ती फळी. देवाच्या आसनावर बसून झोके घेतले मी, आणि तू घेऊ दिलेस!"

आजीनं पुन्हा वर्षभर सोमवार धरले. दर सोमवारी ती उपाशीपोटी देवळाकडे जाताना दिसली की सुताराचा रंधा थांबे. त्या दिवशी तोही जेवत नसे.

श्रावण आला. आजीच्या दारी खऱ्या फणसाचा चौरंग आला, नुसत्या तेलाचा हात दिलेला. सुतार उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"आत ये," आजी म्हणाली. "चौरंग जड आहे. एक बाजू तू धर."

बोध हाच, की खोट्याला चढवलेला रंग आज ना उद्या उघडा पडतो, पण आपणहून दिलेल्या कबुलीनं माणूस पुन्हा देवाच्या दारात उभा राहू शकतो.