कुरळ्या केसांची लेक

फार फार जुनी गोष्ट आहे, गावाचं नावही आता कुणाला आठवत नाही. त्या गावात सोनाई नावाची बाई घोंगड्या विणून आपल्या दोन लेकींना वाढवत होती. नवरा गेल्यापासून तिच्या अंगातला शीण कधी गेलाच नाही.

थोरलीचे केस सरळ होते. फणी वर घातली की अलगद खाली उतरे. धाकटीचे केस दाट आणि कुरळे. फणी त्यांत अडकून बसे. मागावर बसायला उशीर होई, मग सोनाई तशीच कोरड्या केसांतून फणी ओढी. पोर कळवळली की म्हणे, "एवढे दांडगे केस! त्यांना काय होतंय? ताई रडते का कधी?"

एके सकाळी धाकटी समोर आली ती केस कापूनच. हातात लोकर कातरायची कात्री होती.

"मीच कापले," ती म्हणाली. "आता तुला त्रास नाही."

रागवायचंही त्राण सोनाईत उरलं नव्हतं. तिने पोरीचं डोकं हातांनी चाचपलं. पोरीच्या कानामागची कातडी उघडी पडली होती. तिथले केस कात्रीने नव्हे, रोजच्या फणीच्या ओढीने केव्हाच मुळापासून गेले होते.

"एवढं दुखत होतं, तर सांगितलं का नाहीस?"

"रोज रडत होते की, आई. लोकर गुंतली की तू ती भिजवतेस, हळूहळू सोडवतेस. मला वाटलं, माझे केस तुला आवडत नाहीत."

सोनाईने फणीतला थोरलीचा केस काढून ताणला. तो ताणला गेला, तुटला नाही. मग जमिनीवरचा एक कुरळा केस उचलून तसाच ताणला. वळणापाशी तो पटकन तुटला. दाट दिसणारे ते केस आतून किती नाजूक आणि कोरडे होते!

केस पुन्हा वाढले. सोनाई आता ते ओले करी, तेल लावी, बोटांनी टोकांकडून वर गुंता सोडवी. पण कानामागे केस पुन्हा उगवले नाहीत. आई मागे येऊन बसली की पोरीचे खांदे अजूनही आक्रसत. ते सैल होईपर्यंत सोनाई थकलेले हात मांडीवर ठेवून थांबून राही.

बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, एवढंच ध्यानात ठेवा: ज्याचा पोत जसा, त्याची निगा तशीच करावी.