टिकलीची लोकरीची म्होरकी

सारा डोंगर सोनकीच्या फुलांनी पिवळाधम्मक झाला होता. निळी-जांभळी फुलपाखरं भिरभिरत होती, गवताच्या पात्यापात्यावर दव लुकलुकत होतं. आणि त्या सगळ्या झगमगाटात इवलीशी बाणू दगडावर बसून मुसमुसत होती.

बाणू धनगराची पोर. तिला वडील नव्हते. होती फक्त आई, चार-दोन मेंढ्या आणि एक विरलेलं घोंगडं. थंडी आली की धनगरांचा तळ उठायचा आणि घाट उतरून खाली कोकणात जायचा. सगळ्यांची भांडी, पीठ, कोंबड्या, इटुकली कोकरं घोड्यांच्या पाठीवर बसून जायची. बाणूच्या घरचं सामान मात्र यंदा आईच्या डोक्यावर जाणार होतं. त्यांची घोडी गंगी पावसाळ्यात आजारी पडून वारली होती, आणि तिच्या गळ्यातली घंटाही ओढ्याच्या पुरात वाहून गेली होती.

मागे राहिलं होतं गंगीचं शिंगरू, टिकली. चिंचोक्यासारखा तपकिरी रंग, कापसासारखी मऊ आयाळ आणि कपाळावर पांढराशुभ्र ठिपका! गंगी होती तेव्हा टिकली तिच्या घंटेच्या किणकिणाटामागे उड्या मारत जायची. तिला कधी कुणी हात लावला नव्हता. दोरी तर तिला ठाऊकच नव्हती.

तळाचे कारभारी बिरूनाना सकाळीच सांगून गेले होते, "बाणू, यवढा बाजार झाला की तळ उठतोय. शिंगराच्या तोंडाला म्होरकी घालून दोरीनं चालवाय शिकव. मोकळं न्हाई नेता यायचं."

"नाना, ती माझ्यामागं येती की!"

"तुझ्यामागं? काल तर तूच तिच्यामागं पळत हुतीस! पार चिखलात जाऊन बसलीस!" सगळे खो-खो हसले. मग नाना हळू आवाजात म्हणाले, "पोरी, घाटात गाड्या असत्यात. शिंगरू बिचकलं तर समद्या मेंढ्या दरीत जात्याल. न्हाई जमलं तर बाजारात कुणाला तरी देऊन टाकावं लागंल."

टिकलीला देऊन टाकायचं? त्या विचारानंच बाणूला रडू फुटलं होतं.

तेवढ्यात तिची जाडजूड मेंढी सोनकीचं एक टपोरं फूल खायला वाकली. फुलातून बारीकसा आवाज आला, "अगं आई गं! वाचवा!"

बाणूनं झटकन मेंढीपुढे आपली अर्धी भाकरी धरली. तेवढीच तिची न्याहारी होती. मेंढीनं फूल सोडलं आणि मचमच भाकरी खाल्ली.

फुलातून बोटभर उंचीची एक परी बाहेर आली. तिचे पंख सोनेरी होते आणि केसांत दवाचे मणी होते.

"वाचवलंस गं! आणखी एक घास, आणि मी मेंढीच्या पोटात असते!" परी खुदकन हसली. "माग, दोन इच्छा माग. पण दोन नियम आहेत हं. कुणाच्या मनावर जबरदस्ती करता येणार नाही. आणि जे देवाघरी गेलंय, ते परत आणता येणार नाही."

बाणू टुणकन उठली. "टिकलीला माझ्यामागं दोरीनं चालू दे!"

परीचे पंख एकदम राखाडी झाले. "ही तर तिच्या मनावर जबरदस्ती झाली, बाळ. दुसरं काही माग."

बाणूनं खूप विचार केला. मग ती हळूच म्हणाली, "मग ती मला का भिती, ते तरी मला कळू दे."

परीनं चिमुकली टाळी वाजवली. झुळ्ळकन सोनेरी वारा आला, आणि बाणू क्षणभर टिकलीच्या डोळ्यांतून पाहू लागली!

गवत केवढं उंच! आणि समोरून कोण येतंय? दोन्ही हात पसरून, डोळ्यांत डोळे रोखून, थेट अंगावर! हातात काहीतरी सापासारखं वळवळतंय. आता ते खाली वाकलं, आता त्यानं मागच्या पायावर झेप घेतली! लांडगा अशीच झेप घेतो! पळा!

वारा थांबला. बाणू डोळे चोळत उभी राहिली.

"अगं बाई! मी तर तिला कोकरागत धरत हुते!"

धनगराची पोरं चालायला लागली की कोकरू धरायला शिकतात. मागचा पाय पकडला की कोकरू गप्प होतं. बाणूनं टिकलीलाही तसंच धरू पाहिलं होतं. पण टिकली कुठे कोकरू होती!

बाणू धावतच आईकडे गेली. "आये, ती मऊ लोकर दे. टिकलीला म्होरकी करायची. काथ्याची दोरी तिला टोचंल."

आई चातीवर सूत काततच होती. "आगं, तुझ्या नव्या घोंगड्यासाठी ठेवलीया ती."

"घोंगडं पुढल्या वर्षी, आये!"

आईनं तिच्याकडे पाहिलं, आणि चाती गरगर फिरवायला घेतली. संध्याकाळपर्यंत पांढऱ्या-काळ्या लोकरीची सुबक म्होरकी तयार झाली.

दुसऱ्या दिवसापासून बाणू टिकलीजवळ बाजूबाजूनं, नजर खाली ठेवून जाऊ लागली. जवळ गेली की पाठ करून बसायची आणि काहीबाही गुणगुणायची. टिकलीनं कान टवकारले की बाणू उठून लांब जायची. टिकलीला नवल वाटलं. ही धरत का नाही?

आणि एका सकाळी बाणूच्या मानेवर गरम गरम श्वास आला. फुर्रर्र! टिकली तिचे केस हुंगत होती! बाणूला आनंदानं उडी मारावीशी वाटली, पण ती हलली नाही. मग तिनं हळूच टिकलीची आयाळ खाजवली. टिकलीनं ओठ लांब केले आणि डोळे मिटले.

मग म्होरकीचा वास. मग म्होरकी मानेवर, आणि टिकली बिचकायच्या आत पुन्हा खाली. मग नाकावर. आणि मग कानामागे गाठ! बाणू दोरी जराशी ताणायची. टिकलीनं पाऊलभर पुढे यायचं, की दोरी लगेच सैल. टिकलीला तो खेळ फार आवडला.

बाजार झाला. बिरूनाना ओढ्याकाठी उभे राहिले. "आण बघू पल्याड."

टिकली ऐटीत आली, आणि पाणी पाहून गपकन थांबली. पुरानंतर ती ओढ्यात उतरलीच नव्हती.

"वढ की गं!" कुणीतरी ओरडलं. "मागनं एक फटका दे!"

 पण बाणूनं दोरी ओढली नाही. तिनं ती सैल सोडली, स्वतः पाण्यात उभी राहिली आणि नेहमीचं गाणं गुणगुणू लागली. टिकलीनं पाणी हुंगलं, एक खूर उचलला. छपाक! दुसरा. छपाक! आणि पाणी उडवत ती पल्याड गेली!

"आली! आली!" सारा तळ नाचू लागला. नानांच्या पांढऱ्या मिशाही हसल्या. "ही येणार आपल्यासंगं!"

त्या संध्याकाळी सोनकीतून परी डोकावली. "बाणू, एक इच्छा उरलीय. नवं घोंगडं हवं?"

तेवढ्यात, गंगीला जिथं पुरलं होतं त्या चाफ्याकडे तोंड करून टिकली खिंकाळली. ती रोजच अशी खिंकाळायची.

बाणू म्हणाली, "गंगी परत येत न्हाई, म्हाईत हाय मला. पण उद्या आमी हितनं जाणार. टिकलीला एकदा आईची घंटा ऐकू दे."

परीचे डोळे दवासारखे चमकले. ती गिरकी घेत वर वर गेली आणि तिचा नुसता उजेड झाला, पिवळा, केशरी, गुलाबी! त्या उजेडातून आवाज आला, किण किण, किण किण. टिकलीनं कान टवकारले आणि शांत, लांब श्वास सोडला.

उजेड विरला. परी नव्हती. पण टिकलीच्या म्होरकीला गंगीची घंटा लटकत होती, आणि दगडावर बाणूला आणि आईला पुरेल एवढं नवंकोरं घोंगडं होतं, सोनकीच्या रंगाच्या काठाचं!

सकाळी घाटात दाट धुकं उतरलं. मेंढ्यांना वाट दिसेना. पण टिकलीची घंटा वाजली की सगळ्या मेंढ्या तिच्यामागे वळायच्या.

"बाणू," बिरूनानांनी हाक मारली, "तू चल म्होरं!"

आणि सगळ्या तळाच्या पुढे बाणू निघाली, मागे टिकली. मधली दोरी घाटभर सैलच होती.