दिवाणांची एक तृतीयांश दाढी

शेजारशेजारच्या तीन राजांना एकदमच दाढी राखायची हौस आली. प्रजेनेही राखली, आणि तिन्ही राज्यांत चार-चार महिने फिरणारा खेमाजी न्हावी बेकार झाला. बेकाराला राज्याने जेवू घालायचं, असा तिकडचा रिवाज होता.

त्यांतल्या एका राज्याचे दिवाण त्रिंबकपंत म्हणाले, "तू आमच्याकडे चारच महिने राबलास. तेव्हा इथे भाकरीचा तिसरा हिस्सा मिळेल. बाकीची त्या दोघांकडे माग."

खेमाजीने तेवढा तुकडा खाल्ला.

आठवड्याभरात पंतांच्या दाढीत उवा झाल्या. खेमाजीला बोलावणं गेलं. त्याने पंतांचा उजवा गाल गुळगुळीत केला आणि वस्तरा धोकटीत ठेवला.

"अरे, बाकीची?"

"ती त्या दोन राज्यांत करून घ्या, पंत."

दरबार भरत आला होता. पंतांनी अख्खी भाकरी मागवली. खेमाजीने ती सावकाश संपवली आणि मगच पंतांच्या हनुवटीला पाणी लावलं.