आबांचा घोडा

"इंगवल्यांची सून म्हणे त्या रिव्हॉल्व्हरपायी आज सासऱ्याच्या गळ्यात दोरी..." एवढं बोलून दूधवाल्यानं फटफटीला लाथ मारली आणि पुढचं सगळं आवाजात गेलं. माझा जीव थाऱ्यावर राहीना. विरजण मागायच्या निमित्तानं वाटी घेऊन मी तशीच शेजारी इंगवल्यांकडे गेले.

निवृत्त फौजदार आबा ओटीवर रिव्हॉल्व्हर पुसत बसले होते. सून शलाका समोर उभी.

"आबा, त्याला आत किल्लीचं कुलूप आहे ना? मग लावा की. घरात तीन वर्षांची पोर आहे."

"कुलपाचं हत्यार म्हणजे मुसकं बांधलेला कुत्रा. मी किल्ली शोधेपर्यंत चोर चहा पिऊन जाईल. आणि पोरीला काय कळतंय त्यातलं?"

आतून कुणी दोरी घेऊन येतंय की काय म्हणून माझी नजर सारखी आतल्या दाराकडे जात होती.

"काकू, तुम्ही साक्षीला," शलाका म्हणाली. "आबा, गोळी सुटायला काय ओढायचं?"

"घोडा. फौजदाराला शिकवतेस?"

"नाही, फौजदारानं काय शिकवलंय ते दाखवते." तिनं आत हाक मारली, "चिऊ, घोडा कोण ओढणार?"

"मी, मी," करत नात धावत आली. मागं सुतळीला बांधलेला चाकांचा लाकडी घोडा, आबांनीच जत्रेतून आणलेला. "आबांनी शिकवलंय. जोरात ओढायचा."

आबांनी पुसायचं फडकं बाजूला ठेवलं. मग त्यांनी खुंटीवरची इवलीशी किल्ली काढून कुलूप फिरवलं. "शकूबाई," माझ्या हातातली वाटी बघून मला म्हणाले, "विरजण राहू द्या, घरात सुतळी असली तर बघा."

दूधवाल्याचं अर्धंच खरं ठरलं. आबांच्या गळ्यात दोरी आली खरी, पण ती त्यांनी आपल्या हातानं घातली, किल्ली ओवून.