चिमाबाईंच्या मळ्याची दोन सालं

तापीकाठच्या चिमाबाई गुरवीण कचेरीत उभ्या होत्या. देवाच्या पूजेसाठी पूर्वजांना मिळालेला मळा आज हातचा जाणार होता. दिवाण त्रिंबकपंतांचा त्यावर डोळा होता आणि निमित्तही सापडलं होतं.

"तुझ्या ताम्रपटात शके अकराशे बहात्तर," पंत म्हणाले, "आणि देवळातल्या शिळेवर त्याच दानाचं साल संवत तेराशे सात. एकशे पस्तीस वर्षांचा फरक! ताम्रपट खोटा आहे."

"शिळा गुजराती कारागिरानं कोरली, सरकार. तो त्याच्या मुलखाचं साल घालणार. संवताचं साल शकाच्या एकशे पस्तीस वर्षं पुढेच असतं."

"मला शिकवू नकोस, बाई. साल म्हणजे साल." पंतांनी तिथेच जप्तीचा हुकूम लिहवून घेतला आणि त्यावर शिक्का उठवला.

चिमाबाई कारकुनाकडे वळल्या. त्या म्हणाल्या, "दादा, वाचून तरी दाखवा. सालासकट."

कारकुनानं वाचलं. कचेरीच्या रिवाजाप्रमाणे वर महसुलाचा फसली सन अकराशे अठ्ठ्याहत्तर होता, खाली शके सोळाशे नव्वद.

चिमाबाईंनी बोटांच्या पेरांवर हिशेब केला. "दिवस आजचाच, आणि फरक पाचशे बारा वर्षांचा," त्या म्हणाल्या. "सरकार, दोन सालं असूनही हा हुकूम खरा असेल, तर माझा ताम्रपटही खरा आणि मळा माझा. दोन सालांमुळे ताम्रपट खोटा असेल, तर हुकूमही खोटा आणि मळा माझाच. काय ते तुम्ही ठरवा. मला दोन्ही चालेल."

कारकुनानं हसू लपवायला मान खाली घातली. पंतांनी हुकूम उचलला आणि स्वतःच्या हातानं फाडला.

चिमाबाई पायऱ्या उतरल्या आणि मळ्याच्या वाटेला लागल्या.