हवालदार आणि टिकटिकी

“आणि एवढं करून त्यानं ऐकलंच नाही तर?”

फकीरबाबा पेरूच्या फोडी करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“तर मग नाही ऐकलं.”

“म्हणजे?”

“म्हणजे नाही ऐकलं...”

विश्वंभर सोळंके असली उत्तरं ऐकून घ्यायला जन्माला आलेले नव्हते. जिल्ह्याच्या श्वानपथकात तीस वर्षं काढलेला हवालदार माणूस. त्यांनी ‘बैठ’ म्हटलं की कुत्रं तर बसायचंच, पण शेजारी उभा असलेला नवा शिपाईही टेकायला जागा शोधायचा, असं लोक सांगत. अशा माणसाला अर्ध्या किलोच्या पाखरानं सहा महिने धाब्यावर बसवलं होतं. उजव्या हाताच्या तीन बोटांना पट्ट्या होत्या. चौथ्याची जखम आज सकाळची होती आणि अजून ठणकत होती.

ते पाखरू चिंचेच्या बुंध्याशी, पिंजऱ्यात बसलं होतं. राखाडी अंगाचा, लाल शेपटीचा आफ्रिकन पोपट. जावयानं सासूबाईंना भेट दिलेला. सासूबाईंनी, म्हणजे हवालदारांच्या मथुराबाईंनी, त्याचं नाव राघू ठेवलं. अकरा वर्षांत राघूनं त्यांचा आवाज असा उचलला की “अहो, चहा निवतोय” ऐकून हवालदार स्वयंपाकघरात जायचे, रिकामा ओटा बघायचे आणि चरफडत परत यायचे.

मथुराबाई गेल्या आणि राघू मुका झाला. मग त्यानं छातीवरची पिसं उपटायला घेतली. आता तिथं नुसतं गुलाबी कातडं दिसत होतं.

घरात मथुराबाईंचे फोटो चार होते. आवाज एकच होता, आणि तो या पिंजऱ्यात बंद होता. तो पुन्हा ऐकायला मिळावा एवढ्यासाठी हवालदार गावाबाहेरच्या तकियात फकिरापुढं मांडी घालून बसले होते. एरवी ते साहेबापुढंसुद्धा मोठ्या नाइलाजानं बसत.

जनावरांच्या डॉक्टरांनीच त्यांना इकडं धाडलं होतं. तकियात एकही पिंजरा नव्हता. मोडक्या पंखांची, कुणी कुणी आणून टाकलेली पाखरं चिंचेवर आणि भिंतीवर बसलेली असत आणि बाबांनी हात पुढं केला की आपली आपण येत. पहिल्या दिवशी बाबांनी हवालदारांच्या हातावर पत्र्याची एक टिकटिकी ठेवली. उरुसात पोरांना घेतात तसली, अंगठ्यानं दाबली की ‘टिक’ वाजणारी. पोपटानं काही बरं केलं की त्याच क्षणी टिक, आणि मागोमाग करडईचे चार दाणे. मारायचं नाही, ओरडायचं नाही.

“एवढंच?” म्हणून हवालदार तेव्हा हसले होते. त्याला आठ दिवस झाले होते.

बाबांनी सुरी पुसली.

“दाखवा, काय करता ते.”

हवालदार उठले. पिंजऱ्यापुढं ताठ उभे राहिले. दार उघडून उजवा हात आत घातला आणि डाव्या हातानं टिकटिकी दाबली.

“टिक! टिक! टिक! राघू, ये! चल, ये!”

राघूनं मानेची पिसं फुलवली. मग सावकाश पाठ फिरवली. हवालदारांनी हात आणखी पुढं रेटला. राघू गर्रकन वळला आणि पाचव्या बोटाचाही हिशेब पूर्ण झाला.

“बघितलंत?” हवालदार बोट चोखत म्हणाले. “एवढा माज! टिक ऐकतंय, आणि वर चावायलंय!”

“टिक कधी वाजवली?”

“हुकूम देताना. कधी वाजवायची मग?”

“गवई बसला की त्यानं तोंड उघडायच्या आत दाद देता?”

“नाही.”

“का?”

 उत्तर हवालदारांना कळलं होतं आणि त्याचाच राग आला होता.

“आणि दाणे?” बाबांनी विचारलं.

“कालपासून बंद केलेत. पोट खपाटीला गेलं की येतंय झक मारत. आमची कुत्री...”

बाबा उठले. पेरूची ताटली त्यांनी पिंजऱ्यात सरकवली आणि हात बाहेर घेतला. राघूनं आधी त्यांच्याकडं, मग फोडीकडं पाहिलं आणि अधाशासारखा तुटून पडला.

“उपाशी पोपट भुकेचं ऐकतो,” बाबा म्हणाले. “तुमचं नाही.”

“मग माझं कधी ऐकंल?”

“टिकटिकी द्या इकडं. आणि उभे राहा... आता तुम्ही पोपट.”

“मी?”

“राघूला सगळं येतं. तुम्हाला येत नाही.”

हवालदारांच्या कानशिलावरची शीर उडाली. पण सकाळी आरशात दाढी करताना मागच्या भिंतीवरचे चारही फोटो त्यांना दिसले होते. ते उभे राहिले.

“बोलणार नाही मी,” बाबा म्हणाले. “माझ्या मनातलं केलंत की टिक. टिकमागोमाग शेंगदाणा.”

हवालदारांनी एक पाऊल उजवीकडं टाकलं. काही नाही. डावीकडं टाकलं. टिक! शेंगदाणा हातावर आला. आणखी डावीकडं... टिक! रांजणाकडं... टिक! रांजणावर हात ठेवला... टिक! खोटं कशाला बोला, चौथ्या शेंगदाण्याला हवालदारांना गंमत वाटायला लागली होती.

मग टिक बंद झाली.

त्यांनी रांजणाचं झाकण काढलं, पुन्हा ठेवलं. रांजण वाजवून पाहिला. भोवती फेरी मारली. शेवटी रांजणाला एक कडक सॅल्यूट ठोकला. बाबा नुसते बघत होते. भिंतीवरची पाखरंही बघत होती. हवालदारांना त्या पाखरांची लाज वाटली आणि लाजेचा संताप झाला.

“बास!” ते गरजले. “मी काय तमाशातला सोंगाड्या आहे? मला नाही जमायचं हे. ठेवा तुमचे शेंगदाणे तुमच्यापाशी!”

टिक!

बाबांनी शेंगदाणा पुढं केला. एक नाही, मूठभर.

हवालदार बघतच राहिले.

“हे... हे पाहिजे होतं तुम्हाला?”

“नाही. मला पाखरांच्या त्या मातीच्या परळात पाणी पाहिजे होतं.”

“मग टिक कशाची?”

“तुम्ही चावला नाहीत. तोंडानं सांगितलंत.”

 पिंजऱ्यात राघू पेरू खात होता.

“तोही आधी सांगतो,” बाबा म्हणाले. “पिसं फुलवतो. पाठ फिरवतो. तुम्ही हात काढत नाही... मग चावतो.”

“म्हणजे त्यानं पाठ फिरवली की मी टिक वाजवायची? दाणे द्यायचे?”

“आणि हात मागं घ्यायचा.”

“नकार दिल्याबद्दल बक्षीस!”

“हं.”

“असं केलं असतं तर पथकातलं एक कुत्रं कामाला आलं नसतं. डोक्यावर बसंल तो माझ्या.”

“बोटावर तर बसू द्या आधी.”

“हे शिस्तीच्या विरुद्ध आहे, बाबा.”

“आहे.”

“मी हे करणार नाही.”

टिक! पुन्हा शेंगदाणा.

हवालदारांनी टिकटिकी बाबांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली.

“करतो!” ते म्हणाले. “सात दिवस करतो. तुम्ही म्हणता तसंच, तंतोतंत. आणि आठव्या दिवशी इथं येऊन सगळ्या तकियासमोर तुम्हाला खोटं पाडतो. माझं नाव सोळंके आहे.”

बाबांनी परळात पाणी ओतलं.

सात दिवस हवालदारांनी शब्द पाळला. कसा पाळला ते विचारू नका. सकाळ-संध्याकाळ ते पिंजऱ्यापुढं बसत आणि हात दाराशी नेत. राघू पाठ फिरवी. ते दात-ओठ खात टिक वाजवत, वाटीत करडई टाकत आणि हात मागं घेत. आयुष्यात कुणी पाठ फिरवली म्हणून त्यांचा हात मागं आला नव्हता. पहिले दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. हा आपल्या सगळ्या नोकरीचा अपमान आहे असं त्यांना वाटत होतं आणि तो ते चक्रवाढ रागानं गिळत होते.

चौथ्या दिवशी राघूनं पिसं फुलवली नाहीत. नुसती पाठ फिरवली, तीही अर्धीच. पाचव्या दिवशी पिंजऱ्याच्या तळाशी उपटलेलं नवं पीस दिसलं नाही. हवालदारांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. स्वतःलाही फारशी सांगितली नाही.

आठव्या दिवशी चार वाजता ते तकियात हजर झाले. पिंजरा चिंचेखाली ठेवला.

“बोलला?” बाबांनी विचारलं.

“नाही. एक शब्द नाही. म्हटलं होतं मी.” हवालदारांचा आवाज मोठा होता, पण त्यातली ऐट गेली होती. “खोटे पडलात तुम्ही. मला तिचा आवाज पाहिजे होता, बाबा. पाठ घेऊन काय करू मी त्याची?”

“हात न्या.”

“कशाला?”

“आज आठवा दिवस आहे ना.”

हवालदारांनी दार उघडलं. हात दाराशी नेला. आत घातला नाही. तेवढं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

राघूनं पाठ फिरवली नाही.

त्यानं मान तिरकी केली. एका डोळ्यानं त्या पट्ट्या बांधलेल्या बोटांकडं पाहिलं, मग वर, हवालदारांच्या तोंडाकडं. घशात काहीतरी खरखरलं. आणि सहा महिन्यांनी, चिंचेखाली, लख्ख मथुराबाई बोलल्या.

“नाही करत, जा! काय करायचं ते करा!”

 आवाज तोच होता. शेवटचा ‘करा’ किंचित वर न्यायची लकबसुद्धा तीच. पण हा सूर त्यांनी कधी ऐकला नव्हता. चहा निवतोय, पाणी तापलंय, डबा भरलाय, एवढंच त्या आवाजानं त्यांना आयुष्यभर सांगितलं होतं.

“हे...” ते म्हणाले. “हे ती मला कधी बोलली नाही.”

“कुणाला तरी बोलली.”

“कधीच नाही, बाबा! देवाशपथ...”

“पोपट ऐकलेलंच बोलतो.”

 पोलीस लाइनीतली ती खोली हवालदारांना आठवली. ड्यूटीवरून येताना जिन्याच्या खालच्या पायरीवर असताना वर स्वयंपाकघरात कुणीतरी बोलतंय असं वाटायचं. बूट वाजले की बोलणं थांबायचं. दार उघडलं की मथुरा ओट्याशी आणि राघू दांडीवर, दोघंही चिडीचूप. पाखराशी काय बोलते येड्यासारखी, म्हणून ते हसायचे. अकरा वर्षं ते त्याच गोष्टीला हसले होते.

राघूनं पुन्हा मान तिरकी केली.

“नाही करत, जा! नाही येत मी! काय करायचं ते करा!”

हवालदारांचा हात पिंजऱ्यावर टाकायच्या फडक्याकडं गेला. फडकं त्यांनी उचललंसुद्धा. त्यांना भयंकर राग आला होता आणि या खेपेला तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. पोपटावर काढता येत नव्हता. जी बोलली होती, ती चार फोटोंत हसत उभी होती.

बाबांनी त्यांना अडवलं नाही. ते चिंचेला टेकून बसून राहिले.

राघू फडक्याकडं बघत होता. पिसं फुलवली नव्हती, पाठ फिरवली नव्हती. त्याला जे सांगायचं होतं ते त्यानं तोंडानं सांगितलं होतं, आणि आता तो वाट बघत होता.

हवालदारांनी फडकं खाली ठेवलं.

खिशातून टिकटिकी काढली. पहिल्यांदा ती नीट दाबलीच गेली नाही.

टिक.

मग त्यांनी करडईचे दाणे वाटीत टाकले नाहीत. पट्ट्यांच्या बोटांत धरून पुढं केले. राघू दांडीवरून सरकत सरकत आला, मान लांब केली आणि एकेक दाणा बोटाला चोच न लावता टिपून घेतला.

खाऊन झाल्यावर चोच दांडीला पुसली आणि मथुराबाईंच्या आवाजात, आणखी ठसक्यात, तेच पुन्हा सुनावलं.

टिक.

पुन्हा सुनावलं.

टिक.

हवालदारांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. पिशवीतली करडई तळाला गेली होती.

“बाबा,” ते म्हणाले, “आता हा जन्मभर हेच बोलत बसंल की हो...”

फकीरबाबा उठले. अंगावरची चिंचेची पानं झटकली.

“मग करडई जास्त आणा.”