छू म्हटल्यावर

तुमच्या घरातलं लेकरू पडलं, गुडघा खरचटला, तर फुंकर घालताना तुम्ही काय म्हणता?

आला मंतर, कोला मंतर, छू.

आणि कुत्रा कुणाच्या अंगावर सोडायचा असेल तर?

तेव्हाही छूच म्हणतात.

हेरंब त्या संध्याकाळी माळावर परतला तो याच शब्दाची धास्ती घेऊन.

बार्शीबाहेरच्या त्या माळावर शेवंताआक्का राहायच्या. पारधी समाजाची बाई. टाकलेली, मार खाल्लेली कुत्री सांभाळायच्या, त्यांना शिकवायच्या. हेरंब त्यांचा शिष्य. स्पर्धांमध्ये बक्षिसं मिळवलेला, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे पक्कं माहीत असलेला.

आक्कांनी त्याच्या हाती भोपळ्या दिला होता. भोपळ्या पिटबुल. डोकं भोपळ्याएवढं, म्हणून ते नाव. झुंजी लावणाऱ्यांकडून पोलिसांनी सोडवलेला. एक कान अर्धा फाटलेला.

जवळच एक केंद्र होतं. पायात जोर नसलेली मुलं तिथे चालायला शिकायची. त्या मुलांच्या सोबतीला भोपळ्याला न्यायचं, असं आक्कांनी ठरवलं. लोक हसले. आक्कांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

हेरंबने वर्षभर त्याला शिकवलं. बस म्हटलं की बसायचं, थांब म्हटलं की थांबायचं. उद्या केंद्रातला पहिला दिवस होता. जमलं नाही तर पुन्हा संधी नव्हती. भोपळ्याचा उरलेला जन्म पिंजऱ्यात जाणार होता.

"आक्का, उद्याचं रद्द करू."

"का रं?"

"आज केंद्र बघून आलो. पोरं सारखी पडतात. पडली की तिथल्या मावशी फुंकर घालतात, आणि..."

"आणि?"

"तो शब्द म्हणतात."

"कुठला?"

हेरंबने भोपळ्याकडे पाहिलं. तो आक्कांच्या दाराशी पसरला होता.

"त्याच्यासमोर नको."

आक्कांनीही भोपळ्याकडे पाहिलं.

"एक करता येईल," हेरंब म्हणाला. "तिथं पाटी लावायला सांगतो. हा शब्द कुणी उच्चारायचा नाही."

"पडल्यालं पोर पाटी वाचंल?"

"मावशींना बजावतो."

"त्या पोरांच्या आयांना? आज्यांना? सगळ्या मुलखाला बजावत फिरशील व्हय?"

"आक्का, याच शब्दावर त्याला अंगावर सोडायचे. म्हणून वर्षभर मी तो त्याच्या कानावर पडू दिला नाही. एकदासुद्धा नाही."

"तू नाही पडू दिलास."

"म्हणजे?"

"त्याच्या जखमा कुणी धुतल्या?"

"तुम्ही."

"तू का नाही?"

"मी म्हटलं होतं... मलमपट्टी माझं काम नाही. मी शिकवणार."

"मग शिकवलंस की. आणि मी मलम लावलं."

आक्का दारात जमिनीवर बसल्या. पाय पसरले.

"साखळी तरी घालू द्या," हेरंब म्हणाला.

"छू," आक्का म्हणाल्या. हळू नाही. झुंजीच्या मैदानात माणसं ओरडतात तशा.

भोपळ्या ताडकन उठला. हेरंब मध्ये पडायला धावला, पण कुत्रा त्याच्या आधी पोचला होता.

त्याने फाटका कान आक्कांच्या तोंडापुढे धरला, आणि उभा राहिला.

आक्कांनी फुंकर घातली.

तो हलेना.

"बास की, मेल्या," त्या म्हणाल्या, आणि आणखी एक घातली. "आता तू म्हण."

"मी?"

"न्हाई तर कोण? उद्या मी येणार, परवा मी येणार, नंतर?"

हेरंबने शब्द कसाबसा ओठांबाहेर काढला. भोपळ्याने नुसतं वर पाहिलं.

"भ्यालेल्या माणसागत म्हणू नगंस. त्यालाबी भ्या वाटतं."

"छू."

भोपळ्या त्याच्याकडे आला, कान पुढे केला. हेरंब गुडघ्यावर बसला. वर्षभरात तो कान त्याने कधी हातात घेतला नव्हता. त्याने तो हातात घेतला आणि फुंकर घातली.

"शीक," आक्का म्हणाल्या.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. केंद्राचे ट्रस्टी बोलत होते. हेरंब ऐकत राहिला, मग फोन खाली ठेवून उभा राहिला.

"काय म्हणत्यात?"

"म्हणतात, कितीही शिकवा, या कुत्र्याची जातच तशी. रक्तातच आहे त्याच्या."

"जात म्हणले?"

"हो."

आक्कांनी माळाकडे हात केला.

"आमची पालं गावाबाहेर असायची. चोरी कुठंबी होऊ दे, शिपाई आधी आमच्यात. मी आईच्या पोटात होते, तवाच चोर होते." त्या हसल्या. "काय चोरलं ते मात्र कुणी सांगितलं न्हाई."

हेरंब हसला नाही.

"त्यांची अट आहे, आक्का. तोंडाला जाळी घातली तरच आत घेणार."

"बरं."

"मला वाटतं, ऐकावं. वाद कशाला? एकदा आत गेलो की बघतील ते. घेऊ ना जाळी?"

"घे की."

"खरंच घेऊ?"

"दोन घे. एक माझ्या मापाची."

दुसऱ्या दिवशी सकाळी भोपळ्या जाळी न घालता, उघड्या तोंडाने केंद्राच्या पायरीवर बसला होता. एका बाजूला हेरंब, दुसऱ्या बाजूला आक्का. दार उघडेपर्यंत तिघांतलं कुणीही उठलं नाही.